मोठ्या बाई आणि विद्यापीठाची बाकं

मोठ्या बाई कुणाकडेही गेल्या, की बसायच्या आधी खुर्ची उलटी करून बघायच्या. यजमान "बसा, बसा" म्हणत असायचे आणि बाई खुर्चीचे चारही पाय आढ्याकडे करून तिच्या पोटाखाली वाकलेल्या असायच्या. सांधे हलतात का, स्क्रू गंजलेत का, लाकूड कुठलं आहे, हे सगळं बघून झालं की खुर्ची सुलटी करायच्या, पदराने पुसायच्या आणि मगच टेकायच्या. "खुर्चीचं खरं वय खालून कळतं," असं त्या म्हणत. "माणसाचंही कळलं असतं, पण माणूस असा उलटा करता येत नाही. चहा घेईन. साखर बेताची."

माझ्यासाठी मुलगी बघायला पनवेलला गेलो तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून बाईच बरोबर होत्या. माझे वडील नव्हते आणि आईला गुडघ्यांनी धरून ठेवलं होतं. मी नवा टेरिलिनचा शर्ट घालून, चेहऱ्यावर जमेल तेवढी विद्वत्ता आणून बसलो होतो. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि नेमकी त्याच क्षणी बाईंनी तिच्या वडिलांची शिसवी खुर्ची उलटी केली. वडील उठून उभे राहिले. मी जमीन दुभंगते का ते पाहू लागलो. आणि ती मुलगी एवढी खळखळून हसली की एक बशी कलंडली. लग्न त्याच दिवशी ठरलं. पुढे कधीतरी मी बायकोला विचारलं, "माझ्यात तू काय पाहिलंस गं?" ती म्हणाली, "तुमच्याकडे मी पाहिलंच कुठं? मी त्या बाईंकडे पाहत होते. म्हटलं, अशी बाई ज्याला बरोबर घेऊन हिंडते तो अगदीच टाकाऊ नसणार."

बाई आमच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. सगळा गाव त्यांना मोठ्या बाई म्हणायचा. प्रत्यक्षात उंची जेमतेम माझ्या खांद्याला, पण हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली. मूळच्या पेणच्या, लग्न केलेलं नव्हतं, आणि का नाही असं विचारायची हिंमत आमच्या पंचक्रोशीत कुणाला झाली नाही. मी नेरळचा गुप्ते, नुकता बी.ए. झालेला. साठच्या दशकाची अखेर होती. कर्जतहून खोपोलीकडे जाताना रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. तिथं मी सहा महिन्यांपुरती नोकरी धरली. पुढे मी प्राध्यापक होणार होतो, मग बहुधा ग्रंथकार. ते सहा महिने अजून संपायचे आहेत.

शाळा म्हणजे भातगिरणीचं जुनं गोदाम. गिरणीचे मालक तात्या संस्थेचे अध्यक्ष होते, त्यांनी ते दिलं होतं. मास्तरांना एक टेबल, एक खुर्ची. मुलं गोणपाटावर. आमच्याकडचा पाऊस एकदा लागला की जमिनीतूनच पाणी पाझरायला लागतं. आषाढ-श्रावणात गोणपाट पिळलं तर बादली भरेल अशी अवस्था. मी वर्गात इतिहासातली मोठमोठी साम्राज्यं शिकवत असे आणि समोर पोरं ढुंगणाची एकेक बाजू आळीपाळीने उचलून बसलेली असत.

पावसाळ्यात मोठ्या मुली शाळेत येईनाशा होत. दर वर्षी. मला वाटायचं, लावणीची कामं असतील. मी त्यावर एक निबंधही लिहून ठेवला होता, 'ग्रामीण स्त्रीशिक्षण आणि कृषिकर्म' असा. बाईंनी तो वाचला आणि परत दिला. "भाषा छान आहे," म्हणाल्या. "पण गुप्ते, कारण ते नाही. बाकं आली की मुली येतील." बाकांचा आणि मुलींचा संबंध काय, हे मला कळलं नाही. कळलं नाही हे सांगायची लाज वाटली, म्हणून मी समजल्यासारखी मान हलवली. ही मान हलवण्याची कला मला बी.ए.ला फार उपयोगी पडली होती.

त्यात मॅट्रिकच्या वर्गाची, म्हणजे तेव्हाच्या अकरावीची, मान्यता अडली होती. पावसाळ्यात तपासणीला साहेब येणार होते आणि बसायची सोय नसेल तर अकरावी बंद, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. अकरावी बंद म्हणजे मुलांनी कर्जतला जायचं आणि मुलींनी चुलीपुढे. संस्थेकडे बाकं करायची ऐपत नव्हती.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, जूनमध्ये, मी राहून गेलेलं पदवीचं प्रमाणपत्र आणायला विद्यापीठात निघालो. कुठलं विद्यापीठ ते सांगत नाही. कर्जतहून दोन्ही दिशांना एकेक आहे. बाई म्हणाल्या, "मीही येते, मला परीक्षेच्या कामाचं विचारायचंय." प्रमाणपत्राची गुंडाळी हातात घेऊन मी मोठ्या रुबाबात पायऱ्या उतरलो, तर बाई गायब. शोधत मागच्या अंगणात गेलो. तिथं एक जुनी इमारत रिकामी करत होते. लांबलचक सागवानी बाकं, डेस्कं, कपाटं, खुर्च्या यांचा डोंगर पडला होता आणि तो एका ट्रकमध्ये फेकला जात होता. ट्रकच्या फाळक्याला धरून, धावताना चपला मागे राहिलेल्या मोठ्या बाई उभ्या होत्या.

"हे कुठं नेताय?"

"दगडखाणीत," हमाल म्हणाला. "जुनी खाण हाय शहराबाहेर. भर टाकायची. वर माती."

"पुरणार?"

"पुरनार."

बाईंनी एक बाक उलटं केलं. मी दोन खांबांपलीकडे जाऊन भिंतीवरची एक सूचना वाचू लागलो. त्या क्षणी मी त्या बाईंना ओळखत नव्हतो. पण हाक आलीच, "गुप्ते! इकडे या! सांधे बघा, सांधे!" सगळ्या हमालांनी माझ्याकडे वळून पाहिलं. नव्या पदवीधराने सांधे बघितले.

मग आम्ही संबंधित अधीक्षकांच्या टेबलासमोर. गृहस्थ चांगले होते, पण नियमाने बांधलेले.

"बाई, ते सामान राइट ऑफ झालंय. म्हणजे कागदोपत्री ते आता अस्तित्वातच नाही."

"मग जे नाहीच ते आम्ही नेलं तर तुमचं काय जातं?"

"जे नाही ते देता येत नाही."

"फेकता येतं?"

"फेकता येतं."

बाईंनी पदर खोचला. मला वाटलं, आता भाषण करतील. मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी एक भाषण तयारही केलं, त्यात दोन सुभाषितं होती. पण त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही कधी कर्जतचा वडा खाल्लाय का? रविवारी मुलाबाळांना घेऊन या. आमचा भाग पावसात फार सुंदर दिसतो. तोवर तेवढा ट्रक थांबवा." साहेबांनी ट्रक थांबवला, आणि रविवारी ते खरंच आले. बायको, दोन मुलं, छत्र्या, गळ्यात कॅमेरा. धबधबे पाहून झाले, वडे खाऊन झाले आणि बाईंनी त्यांना शाळेत आणलं.

रविवार असूनही बाईंनी वर्ग भरवला होता. मला शिकवायला उभं केलं. "बसा ना साहेब," म्हणाल्या. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. शाळेतली एकुलती एक खुर्ची त्यांच्या पत्नीला दिली होती. साहेब हसत हसत पोरांमध्ये गोणपाटावर बसले. मी त्या दिवशी पानिपत शिकवलं आणि ते इतकं लांबवलं की मराठे जिंकतात की काय असं मलाच वाटायला लागलं. तास संपला, साहेब उठले, आणि त्यांच्या पांढऱ्या पँटीवर मागून मोठा ओला, मातकट डाग. त्यांचा धाकटा मुलगा ओरडला, "बाबा, तुम्ही शू केलीत!" सगळा वर्ग हसला. साहेबांनी दोन्ही हात मागे नेले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. कान लाल झाले होते. बायकोच्या पुढ्यातून दारापर्यंत जायचं तर कसं जावं हे त्या मोठ्या माणसाला सुचेना.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाहेरच्या पावसाकडे बघत, हळू आवाजात, फक्त त्यांना आणि मला ऐकू जाईल एवढंच बोलल्या. "साहेब, आमच्या मुली चौदा-पंधरा वर्षांच्या आहेत. त्यांना रोज असं उठावं लागतं."

मुली का येत नाहीत हे त्या क्षणी मला कळलं, आणि घरी गेल्यावर कृषिकर्माचा निबंध मी बंबात घातला. पुढच्या आठवड्यात पत्र आलं: सदर लाकडी सामान ग्रामीण शाळेस देणगीदाखल देण्यास वरिष्ठांची मंजुरी मिळाली आहे, स्वखर्चाने घेऊन जावे.

तात्यांचा ट्रक तांदूळ घेऊन शहरात जायचा आणि रिकामा परत यायचा. त्या परतीच्या ट्रकात बाकं आली. ड्रायव्हर बारकू हा बेताचं बोलणारा माणूस. ओढ्यावरच्या साकवापाशी त्याने गाडी थांबवली आणि म्हणाला, "बाई, साकव डुगडुगतंय. गाडी पुढं नाय जायाची." तपासणी दुसऱ्याच दिवशी होती. गाव तिथून शेतांपलीकडे. लावणी ऐन रंगात आलेली, सगळी माणसं चिखलात. बाई छत्री मिटून बांधावर उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "बायांनो, तुमच्या मुलींची बाकं आलीत! पावसात भिजतायत!"

आवणं, म्हणजे लावणीची शेतं, तिथंच टाकून माणसं आली. तात्यांच्या शेतावरची कुळं आली, बौद्धवाडीतली माणसं आली, डोक्यावर पावसाची इरली घेतलेल्या बाया आल्या. चौघा-चौघांनी एकेक बाक उलटं करून डोक्यावर घेतलं आणि हिरव्या रोपांमधून, बांधाबांधाने ती रांग चालू लागली. मी ढिगातून एक गोल फिरणारी खुर्ची निवडली. ती खुद्द कुलगुरूंची असावी असं मी मनाशी ठरवलं होतं आणि ती मुख्याध्यापकांच्या खालोखालच्या माणसाला, म्हणजे मला, शोभेल असंही. ती एकट्यानेच डोक्यावर घेतली. बांधावर मध्येच ती आपली आपण फिरली, आणि तिच्याबरोबर मीही. लावलेल्या रोपांमध्ये मी कमरेपर्यंत रुतलो. लावणी करणारी एक म्हातारी कंबर सरळ करून म्हणाली, "मास्तर, आमाला भात लावायचा हाय रं, मास्तर नाय!" त्या दिवसापासून त्या शेताला 'मास्तरचं आवण' म्हणतात. ग्रंथ लिहून माझं नाव राहिलं नाही. ते असं राहिलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले आणि त्याच खुर्चीत बसले. तिची सवय तिने सोडली नव्हती. साहेबांनी हजेरीपट मागायला हात पुढे केला आणि ते गर्रकन फिरून भिंतीकडे तोंड करून बसले. बाई शांतपणे म्हणाल्या, "हो साहेब, तो नकाशा आधी बघा. मुलांनी स्वतः काढलाय." साहेबांनी नकाशा बघितला, नाइलाजाने बराच वेळ बघितला, आणि तो चांगला आहे असा शेरा दिला. अकरावी टिकली.

बाकं टिकवणं त्याहून अवघड होतं. ती कॉलेजातल्या लोकांच्या मापाची, आठ माणसं बसतील एवढी लांब. आमच्या पोरांचे पाय अधांतरी लोंबत. मी शास्त्रीय दृष्टीचा माणूस. करवत आणली, खडूने पायांवर खुणाही केल्या. बाईंनी करवत काढून घेतली. "पोरं वाढतील, गुप्ते. बाकं कापली तर ती परत वाढणार नाहीत." त्यांनी पायांखाली विटा रचून घेतल्या.

बाकांवर आधीच्या पिढ्यांनी कर्कटकाने बरंच साहित्य कोरून ठेवलं होतं. एका मुलाने विचारलं, "सर, आय लव्ह मंजे काय?" मी म्हणालो, "ते व्याकरण आहे, पुढच्या वर्षी." मागून बाईंचा आवाज आला, "खोटं कशाला सांगता? प्रेम करतो म्हणून लिहिलंय त्याने. पण लाकूड खराब करून लिहिलंय, म्हणजे ते काही खरं नव्हतं." पोरगं वहीत ते उतरवून घेऊ लागलं.

मग एक दिवस तात्या आले. त्यांचा बाळ्या आठवीत होता. दारातच उभे राहून म्हणाले, "बाई, बाळ्या पुढल्या बाकावं बसंल. पन त्याच्या बाजूला कोन बसंल ते आमी सांगू. गोनपाटं येगळी होती, तवा काय बोललो नाय." बाळ्याच्या शेजारी बौद्धवाडीतला मुलगा बसला होता, तो उठायला लागला. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. गोदाम तात्यांचं, पगारावर सही तात्यांची.

"तात्या," बाई म्हणाल्या, "बाक एकच आहे, लांबडं. वेगळं बसवायचं तर मधोमध कापावं लागेल. कापलं की एकेका तुकड्याला एकाच बाजूला पाय. मग बाळ्याही पडेल आणि हाही पडेल. आणा करवत, गुप्त्यांकडे आहे."

तात्या जवळ आले. बाकावरून त्यांनी हात फिरवला. पिढीजात भाताचे व्यापारी, पण लाकडावर जीव होता त्यांचा. मग म्हणाले, "कापू नका. असलं सागवान आता गावत नाय." आणि निघून गेले. ती पोरं शेजारी शेजारी बसूनच मॅट्रिक झाली. बाईंनी हा विजय वगैरे मानला नाही. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "तुमचे हात का थरथरतायत? पाणी प्या."

पुढे दर उन्हाळ्यात बाईंची कुठल्या ना कुठल्या कॉलेजात फेरी असायची, आणि ओळख नाही अशा आविर्भावात दोन खांबांपलीकडे मी. आमची गरज भागली तरी त्या आणतच राहिल्या आणि आजूबाजूच्या शाळांना वाटत राहिल्या. "आलेलं आपल्याकडे अडकवून ठेवायचं नाही," म्हणायच्या. माझी फिरती खुर्चीही त्यांनी मला न विचारता दवाखान्याच्या कंपाउंडरला देऊन टाकली. "त्याला दोन्ही बाजूंच्या बाटल्या घ्याव्या लागतात. तुम्हाला कुठं वळायचंय?"

बाई निवृत्त होऊन दहिवलीला भावाकडे राहायला गेल्या आणि ज्येष्ठतेच्या चुकीने मी मुख्याध्यापक झालो. काही वर्षांनी खोपोलीच्या एका कारखान्याने शाळेला नवी लोखंडी बाकं दिली. संस्थेच्या सभेत नवे अध्यक्ष म्हणाले, "जुनी बाकं गावजेवणाच्या सरपणाला काढू." सगळ्यांनी माना हलवल्या. मी उभा राहिलो. रात्रभर घोकलेलं भाषण होतं, सुरुवातीला श्लोक होता. श्लोकच आठवेना. तोंडातून फक्त "नाही" एवढं निघालं. इतक्या वर्षांत मी कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे सगळे एवढे चकित झाले की विषय तिथंच संपला.

डोंगरातल्या ठाकूरवाडीत नुकतीच शाळा निघाली होती. बाकं टेंपोने पायथ्यापर्यंत नेली, वर वाडीतल्या माणसांनी चढवली. मी तसाच दहिवलीला गेलो. बाई अंथरुणावर होत्या, आवाज अगदी बारीक झाला होता. मी सगळी हकिगत सांगितली, माझं "नाही" दोनदा सांगितलं. बाईंनी डोळे मिटूनच ऐकलं.

"मुली बसल्या का?" त्यांनी विचारलं.

"बसल्या असतील की."

"असतील?" डोळे उघडले. "तुम्ही पाहिलं नाहीत?"

"सुट्टी होती ना बाई. शाळा उघडल्यावर—"

"मग उघडल्यावर परत जा. नुसती पोचवून काय उपयोग? बघून या आणि मला सांगा."

शाळा उघडली तशी मी गेलो. या वयात तो चढ चढताना चार ठिकाणी बसलो. वर पोचलो तेव्हा वर्ग चालू होता. पुढच्याच बाकावर मुली होत्या. जमिनीवर बसावं तशा मांडी घालून बाकावर बसल्या होत्या, पाटी मांडीत. एकीने धाकट्या भावाला बरोबर आणलं होतं, तो तिच्या कुशीत झोपला होता आणि त्याच्या डोक्यावरून वाकून ती फळ्यावरचं लिहून घेत होती. मी दारात उभा राहून नीट बघून घेतलं. बाई उलटतपासणी घेणार होत्या.

दहिवलीला पोचलो तर अंगणात माणसं उभी होती. आत बाईंना खाली घेतलं होतं. मी गर्दीतून वाट काढत पुढे गेलो, गुडघे टेकले आणि त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "बाई, मुली बसल्यात. पुढच्या बाकावर. एक तर धाकट्या भावाला घेऊन बसलीय."

कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, सकाळीच गेल्या त्या. त्यांना आता ऐकू येत नाही."

ते मला दिसत होतं. पण सांगितलेलं काम करून, त्याचा निरोप न देता बाईंसमोरून उठायची माझी तेव्हाही छाती झाली नाही.